तक्रारीचा नमुना

माझ्या बायकोच्या मावशींनी आयुष्यात एकही गोष्ट मधून सांगितलेली नाही. शेवटून सांगणं तर त्यांना पापच वाटतं. जी काही हकिगत असेल ती मुळापासून निघेल, वळणं घेत घेत येईल, वाटेत लागणाऱ्या प्रत्येक गावाची, माणसाची आणि त्या माणसाच्या आजारपणाची विचारपूस करेल आणि मग, ऐकणाऱ्याचं नशीब असेल तर, मुद्द्याला येईल. एकदा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या पडद्यानं पेट घेतला. बाकी कुणी असतं तर "आग! आग!" म्हणून ओरडलं असतं. मावशींनी माझ्या बायकोला फोन लावला आणि म्हणाल्या, "अगं, तो हिरवा पडदा आठवतो का तुला? तुझ्या साखरपुड्याच्या वेळी आपण नवी पेठेतून आणला होता बघ, दुकानदार भाव सोडत नव्हता, आणि तुझी आई रुसून पायरीवर बसली होती की..." बायकोला पडदा आठवला, आई रुसल्याचं आठवलं, दुकानदारही आठवला. तोवर खालच्या कापडदुकानातली माणसं बादल्या घेऊन वर आली, त्यांनी आग विझवली आणि जाताना भिंतही पुसून दिली. फोन त्यानंतरही बराच वेळ चालू होता. पडदा जळाला हे बायकोला अगदी शेवटी समजलं, आणि तेही "आता कुठल्या रंगाचा घेऊ?" या प्रश्नावरून.

मावशी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. नदी म्हटली की उगमापासून सांगायची, ही सवय त्यांना तिथेच लागली असावी असा माझा सिद्धांत आहे. "सिद्धांत कसला, आमच्या घराण्यातच आहे ते," असं बायको म्हणते, आणि हे पटवून देण्यासाठी स्वतःच्या पणजोबांपासून सुरुवात करते. निवृत्तीनंतर मावशी नवी पेठेला लागून असलेल्या एका गल्लीत, त्या कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. मुलगा हैदराबादला नोकरी करतो. घरात बोलायची भाषा कन्नड, शाळेत शिकवायची मराठी, रिक्षावाल्यांशी दखनी आणि शेजारच्या विणकर कुटुंबाशी भांडण्यापुरती तेलुगू. सगळ्या भाषांत त्या सारख्याच सविस्तर आहेत.

दवाखान्यात गेल्या तर "पोटात दुखतंय" असं त्या म्हणत नाहीत. "डॉक्टर, टेंभुर्णीला आमच्या भाच्याचं लग्न होतं," असं म्हणतात. डॉक्टर तरुण होते तेव्हा घड्याळाकडे बघायचे. आता त्यांचेही केस पिकलेत आणि त्यांना अनुभवानं कळलंय की लग्न संपून मावशी टेंभुर्णीच्या फाट्यावर आल्या, बस चुकली आणि त्यांनी बर्फ घातलेला उसाचा रस घेतला, की तिथे औषध लिहायला घ्यायचं. मात्र चिठ्ठी लिहून झाली म्हणून मावशी थांबत नाहीत. बस सोलापूरला पोचल्याशिवाय त्या खुर्चीवरून उठत नाहीत. रिक्षात बसल्या की गल्ली येते, पण गोष्ट संपलेली नसते. मी स्वतः पाहिलंय, रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं, मागे वळून पाय वर घेतला आणि म्हणाला, "मौसी, आगे क्या हुवा वो तो बोलो." मागे वाहनांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते, आणि मी त्या रिक्षात मावशींच्या शेजारी, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन, जमिनीनं पोटात घ्यावं म्हणून प्रार्थना करत होतो.

कारण माझा स्वभाव नेमका उलटा. मी आटोपशीर माणूस. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी सोलापुरात घरी बसून सॉफ्टवेअर लिहितो, आणि थोडक्यात बोलणं हा मला माझा सगळ्यात मोठा सद्गुण वाटत आला आहे. "तुम्ही मुद्द्याचं बोलता म्हणून तर तुमच्याशी कुणी बोलायला येत नाही," असं बायको म्हणते. ते मी आजवर कौतुक म्हणून घेत आलो.

असा मी आणि अशा मावशी, दोघांना एकत्र आणणारी वस्तू म्हणजे एक कीबोर्ड. मावशींचे फोनवरचे मेसेज अर्धे मराठीत आणि अर्धे कन्नडमध्ये असत. भाषा बदलली की फोनवर दर वेळी कीबोर्ड बदलावा लागे. त्या वैतागून मला म्हणाल्या, "जावईबापू, आमच्या तोंडाला बटण आहे काय भाषा बदलायला? मग बोटांना कशाला?" मला ते पटलं. मी सुट्टीच्या दिवसांत बसून दोन्ही भाषा एकत्र लिहिता येतील असा एक कीबोर्ड फोनसाठी तयार केला, आणि मोठ्या दिमाखात तो ओपन सोर्स केला. ओपन सोर्स म्हणजे काय ते मी मावशींना समजावलं: वापरायला सगळ्यांना फुकट, आतली सगळी रचना उघडी, कुणाला काही मोडलेलं दिसलं तर त्यानं प्रकल्पाच्या पानावर तक्रार लिहावी, आणि ज्याला येत असेल त्यानं दुरुस्तही करून द्यावं.

"म्हणजे अन्नछत्र की," मावशी म्हणाल्या.

"तसंच म्हणा."

"जेवायला गाव, आणि भांडी घासायला तुम्ही एकटे."

हे अगदीच खरं नव्हतं. भांडी घासायला बेळगावकडचे एक गृहस्थही होते. त्यांना मी कधी पाहिलं नाही, त्यांचा आवाजही ऐकला नाही. कन्नडची बाजू ते सांभाळत. एखादी दुरुस्ती करून पाठवत आणि खाली एकच ओळ लिहीत: "झालं." असा माणूस मला फार आवडतो. आमचं दोघांचं इतकं जमलं होतं की आम्ही महिनोन्महिने एकमेकांशी बोलत नसू.

या शांत संसारात मावशींची पहिली तक्रार येऊन पडली. ती मला जवळजवळ पाठ आहे. "जावईबापूंना आशीर्वाद. परवा कुंभारीला चुलत जाऊबाईंकडे जाऊन आले. त्यांच्या सुनेला मुलगी झाली. रंग आजोबांचा, नाक आपलं. जाताना बसमध्ये जागा मिळाली नाही, पण एका मुलीनं उठून दिली, ती माझी विद्यार्थिनी निघाली, आता तिलाच दोन मुलं आहेत. बाळाचं नाव लक्ष्मी ठेवलं. ही बातमी सगळ्यांना कळवावी म्हणून जाऊबाईंना कन्नडमध्ये लिहिलं, आणि पुढे मराठीत नाव लिहिलं, तर लक्ष्मीचे तीन तुकडे झाले. क वेगळा, ष वेगळा, मी वेगळी. घरात आलेल्या लक्ष्मीचं असं होणं बरं नाही. बघावं. बाळंतिणीची तब्येत उत्तम. डिंकाचे लाडू मीच करून नेले होते."

आता यातली तक्रार एवढीच होती की कन्नड शब्दानंतर लगेच मराठी जोडाक्षर लिहिलं तर ते फुटतं. ती सापडेपर्यंत मी कुंभारीला जाऊन आलो होतो. दुरुस्ती केली, खाली "झालं" असं लिहिलं आणि मला वाटलं, विषय मिटला. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्या तक्रारीखाली कुणा अनोळखी माणसानं बाळाला आशीर्वाद दिले होते. आणखी कुणी विचारलं होतं की लाडवात खारीक पूड किती घालायची. मावशींनी प्रमाण दिलं होतं, आणि प्रमाण देण्याआधी ते आपल्याला कुणी शिकवलं हेही सांगितलं होतं. कहर म्हणजे त्याखाली बेळगावच्या गृहस्थांनी लिहिलं होतं, "आमच्याकडे मेथीही घालतात. आई घालायची." इतकी वाक्यं ते माझ्याशी एका वर्षात बोलले नव्हते.

हळूहळू बाकीचेही मावशींसारखं लिहू लागले. अक्कलकोटकडच्या एका शिक्षकांनी टिंब उमटत नसल्याची तक्रार त्यांच्या बदलीपासून सुरू केली. कुणी म्हणालं, "मावशींना विचारा, त्यांना माझी अडचण कळेल." माझ्या प्रकल्पाच्या पानाचा कट्टा झाला. मी प्रकल्पाचा कर्ताधर्ता, आणि तिथे माझीच ओळख "मावशींचे जावई" अशी होऊ लागली. माणसाचा अहंकार कुठे दुखावेल सांगता येत नाही. माझा डिंकाच्या लाडवावर दुखावला.

मग मी नमुना काढला. मोठ्या प्रकल्पांत तशी पद्धतच असते: तक्रार लिहायला गेलं की समोर एक ठरलेला नमुना येतो आणि त्यातले रकाने भरावे लागतात. मी एक रविवार खर्चून तो मराठीत तयार केला आणि मराठीत काही औपचारिक लिहायला बसलं की आपल्या अंगात जो तहसीलदार येतो, तो माझ्याही अंगात आला. फोनचा प्रकार. कीबोर्डची आवृत्ती. अडचण कशी उद्भवते ते पायरीपायरीने नमूद करावे. काय घडणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात काय घडले. सदर तक्रार यापूर्वी कोणी केली आहे काय याची खात्री केली काय. पडद्याचे छायाचित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, जोडावे. सर्व रकाने अनिवार्य. बेळगावच्या गृहस्थांनी विचारलं, "गरज आहे?" त्यावर मी, थोडक्यात बोलणारा माणूस, शिस्त या विषयावर त्यांना एवढं मोठं उत्तर लिहिलं की ते वाचायला त्यांनी रजा काढली असावी. त्यांचं उत्तर आलं नाही.

मावशींनी नमुना भरला. एकही रकाना रिकामा ठेवला नाही.

फोनचा प्रकार: "काळा. मुलाने आणला. मला निळा हवा होता." कीबोर्डची आवृत्ती: "तुम्हीच दिलेली. मी कुठे जाऊ दुसरी आणायला?" पायरीपायरीने नमूद करावे: "आमच्या जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत, म्हणून हल्ली खाली उतरत नाही, वर बसूनच लिहिते." काय घडणे अपेक्षित होते: "जावयांनी येळवसेच्या अमावास्येला शेतात जेवायला यायला हवे होते." प्रत्यक्षात काय घडले: "आले नाहीत. काम आहे म्हणाले. भज्जी उरली, आंबील गड्यांना दिली." यापूर्वी कोणी तक्रार केली आहे काय: "तुमच्या सासूबाईंनी. दर वर्षी करतात." आणि पडद्याचे छायाचित्र म्हणून त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीला लावलेल्या नव्या पडद्याचा फोटो जोडला होता. रंग पिवळा.

हे त्यांनी भोळेपणानं लिहिलं की मला व्यवस्थित सोलून काढलं, ते मला आजतागायत समजलेलं नाही. विचारायची हिंमत नाही. बायको ते वाचून इतकी हसली की तिला उचकी लागली, आणि उचकी थांबल्यावर तिनं ते सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. पुढच्याच जेवणावळीत मावशी भाताचं पातेलं घेऊन माझ्या पानासमोर उभ्या राहिल्या आणि पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, प्रकार: भात. आवृत्ती: दुसरी. अपेक्षित काय आहे, वाढू का नको?" अख्खी पंगत हसली. मी "नको" म्हणालो. मला भात हवा होता.

चिडलेला माणूस काय करतो? कायदा आणखी कडक करतो. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तक्रार आली की तो रकाने तपासायचा आणि काही चुकीचं वाटलं तर खाली लिहायचा, "आपली तक्रार विहित नमुन्यात नसल्याने निकाली काढण्यात येत आहे. कळावे." आणि तक्रार बंद. मावशींची पुढची तक्रार त्यानं क्षणात बंद केली. मावशींना वाटलं मी कारकून ठेवला. त्यांनी बायकोला फोन करून चौकशी केली, "कुठला आहे गं हा मुलगा? लई तुसडा आहे. वेळेवर जेवत नसेल." मग त्यांनी त्यालाच उलट लिहिलं, "बाळ, तुझं गाव कोणतं? घरी कोण कोण असतं?" त्यानं निकाली काढलं. "एवढं तोडून बोलू नये. शेंगांची चटणी पाठवू का?" निकाली काढलं. काही दिवस त्या त्याच्याशी अशा बोलत राहिल्या आणि तो प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडावर दार लावत राहिला. बायको मला म्हणाली, "अहो, सांगा ना तिला, ते यंत्र आहे म्हणून." मी म्हणालो, "सांगतो." सांगितलं नाही. गंमत वाटत होती. मग एके दिवशी मावशी लिहायच्या थांबल्या.

त्यांच्या पाठोपाठ बाकीचेही थांबले. पान शांत झालं. प्रलंबित तक्रारींचा आकडा शून्यावर आला आणि शून्यावरच राहिला. मी रोज सकाळी चहा घेताना तो शून्य बघायचो आणि मला वाटायचं, आता कीबोर्ड निर्दोष झाला. माणसाला स्वतःबद्दल काय काय वाटू शकतं, याला सीमा नसते. गावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजनं मला व्याख्यानाला बोलावलं तेव्हा मी विषयच दिला: "ओपन सोर्समधील शिस्त." पडद्यावर तो शून्य मोठा करून दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो.

व्याख्यान संपल्यावर मी म्हणालो, "आता कुणीही आपल्या फोनवर या कीबोर्डनं 'लक्ष्मी' लिहून दाखवा." कुणीच फोन बाहेर काढला नाही. मला वाटलं मुलं लाजतायत. शेवटी मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. "सर, तो कीबोर्ड आम्ही काढून टाकला."

"का?"

"फोनचं नवीन अपडेट आल्यापासून त्यात सगळीच जोडाक्षरं फुटतात की."

"मग तक्रार का नाही केली?"

"केली की, सर. पण तुमचा फॉर्म मराठीत भरायचा होता. तो भरायला तुमचाच कीबोर्ड वापरला. त्यामुळे फॉर्ममधलीही जोडाक्षरं फुटली. मग ते उत्तर आलं, विहित नमुन्यात नाही म्हणून निकाली काढलं." मग ती अगदी नम्रपणे म्हणाली, "'विहित' म्हणजे काय, सर?"

सभागृह हसलं. प्राचार्यांनी मला शाल दिली. ती शाल घेऊन मी बाहेर आलो तेव्हा सोलापूरचं ऊन होतं, आणि शाल मला आणखीच जड वाटली.

घरी येऊन मी बेळगावच्या गृहस्थांना कळवलं की सगळं मोडलंय, मदत हवी. उत्तर लगेच आलं. "माहीत आहे. हल्ली मी तिकडे येत नाही. मावशी बऱ्या आहेत ना?" मला वाटतं त्या दिवसभरात मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. कॉलेजातलं हसू मी विसरलो असतो. पण जो माणूस माझ्यासारखाच आहे अशी माझी समजूत होती, तो माझ्या सुबक कीबोर्डासाठी नव्हे, तर लाडवांच्या गप्पांसाठी येत होता.

संध्याकाळी मी मावशींकडे गेलो. त्या खिडकीशी बसून शेंगा सोलत होत्या. मी विचारलं, "मावशी, कीबोर्ड मोडलाय हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो की. जाऊबाईंच्या लक्ष्मीला बारशानंतर आता चालताही यायला लागलं, पण तिचं नाव पुन्हा लिहिता येईना."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? तुमच्या त्या मुलाला? मी तोंड उघडलं की तो दार लावतो."

"तो मुलगा नाही, मावशी. यंत्र आहे ते. मीच लिहिलेलं."

मावशींचे हात थांबले. हातातली शेंग त्यांनी न फोडताच परत ठेवली. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, कुठला तरी गरीब पोरगा आहे, परगावी नोकरीला आलाय, म्हणून असं वागतोय. यंत्राला काय, कळत नाही. पण ते तुम्ही लिहिलं होतं."

मी मान खाली घातली. मला माफी मागायची होती, पण ती थोडक्यात कशी मागायची ते सुचेना. त्यांनीच शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "साकु," त्या स्वतःशीच कन्नडमध्ये म्हणाल्या, म्हणजे पुरे. आणि मला म्हणाल्या, "बसा. काय झालं ते सांगा बघू."

मी सांगायला लागलो. कॉलेजपासून सुरुवात केली तर त्यांनी अडवलं, "त्याच्या आधी?" मग शून्यापासून सांगितलं. "त्याच्या आधी?" असं करत करत मी लाडवांपर्यंत गेलो, आणि माझं मलाच ऐकून आश्चर्य वाटलं की मी चक्क सांगतोय: मला राग तक्रारींचा आला नव्हता, लोक तुमच्याशी बोलतात आणि माझ्याशी बोलत नाहीत याचा आला होता. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मुळात मलाच माहीत नव्हतं. मावशी मधे मधे एखादाच प्रश्न विचारत होत्या, "मग?", "तेव्हा घरी कोण होतं?", "चहा घेतला होता का?" आणि मी सांगत सुटलो होतो. बाहेर पेठेतले दिवे लागले. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमचा नमुना वाईट नाही बरं का, जावईबापू. शाळेत आम्हीही मुलींना म्हणायचो, मुद्देसूद लिहा. पण दवाखान्यात रोग्याच्या हातात कागद देऊन 'तुझा रोग तूच लिही' असं म्हणतं का कुणी? रोगी बोलतो, डॉक्टर ऐकतो, आणि कागद डॉक्टर लिहितो. नमुना ऐकणाऱ्यानं भरायचा असतो."

मी तत्त्वतः आजही नमुन्याच्या बाजूचा आहे. हजारो माणसं जिथे तक्रारी घेऊन येतात तिथे प्रत्येकाची बस टेंभुर्णीहून सुटायला लागली तर कामं कधी व्हायची? पण आमचं अन्नछत्र लहान. तिथे मी तो प्रोग्रॅम काढून टाकला आणि तक्रारीच्या पानावर एकच मोकळा चौकोन ठेवला. त्यावर लिहिलं, "काय झालं ते सांगा." रकाने होते तसेच ठेवले, पण आतल्या बाजूला, आमच्यासाठी. आणि ते भरायचं काम मावशींनी आपणहून घेतलं. कुणी काही लिहिलं की त्या त्याला फोन करायच्या, त्याच्या घरचं सगळं विचारायच्या, आणि बोलता बोलता फोनचा प्रकार, आवृत्ती, काय केल्यावर काय झालं, हे काढून घ्यायच्या. अर्थात त्यांचं भरणं काही शुद्ध नव्हतं. आवृत्तीच्या रकान्यात "जुनी, पण माणूस चांगला" असं काहीतरी असायचं. कधी भलतीच अडचण नोंदवायच्या आणि मी दोन दिवस भलतीकडेच खणत बसायचो. त्यांनी माझ्या नमुन्यात परस्पर एक रकानाही वाढवून घेतला: "घरी कोण असतं." मी विरोध केला. बेळगावच्या गृहस्थांनी लिहिलं, "राहू द्या." ते परत आले होते. जोडाक्षरं त्यांनीच जोडून दिली.

असे चांगले दिवस गेले. माणसं परतली, नवी आली. कॉलेजातली ती मुलगी आता दुरुस्त्या करून पाठवते आणि माझ्या प्रत्येक शासकीय शब्दाला नम्रपणे अर्थ विचारते.

पण अलीकडे मावशींना ऐकू कमी यायला लागलं. आधी आम्हाला वाटलं, गोष्टीच्या नादात त्यांचं लक्ष नसेल. मग त्या फोनवर "मोठ्यानं बोला की" म्हणू लागल्या आणि समोरचा माणूस ओरडून ओरडून आपल्या घरची दुखणी सांगायला लाजू लागला. मुलानं हैदराबादहून येऊन कानाचं यंत्र घेऊन दिलं. ते त्यांनी एक दिवस लावलं आणि काढून डबीत ठेवलं. "अय्यो, अख्खी पेठ कानात येऊन बसते," त्या म्हणाल्या. "भोंगे, भांडणं, भंगारवाला, सगळं ऐकू येतं. माणूस तेवढा ऐकू येत नाही." मुलगा रागावला, बायको रागावली, डॉक्टरांनी समजावलं. मावशींनी कुणाचं ऐकलं नाही. "ऐकूच येत नाही, तर ऐकू कशी?" असं त्या म्हणाल्या असत्या तर विनोद झाला असता, पण त्यांनी विनोदही केला नाही. फोन करणं बंद केलं. दवाखान्यात आता बायकोच पुढे होऊन डॉक्टरांना सांगते, काय दुखतं, कधीपासून दुखतं. दोन वाक्यांत होतं. परवा डॉक्टर मला हळूच म्हणाले, "त्यांनाच बोलू दिलं असतंत तरी चाललं असतं."

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. दुपारची वेळ, कूलर घरघरत होता, आणि मी दोनदा काही बोललो ते त्यांना कळलं नाही. तिसऱ्यांदा मी ओरडलो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना. मग मी फोन काढला आणि त्यांच्या शेजारी बसूनच लिहिलं, "मावशी, कशा आहात?"

त्यांचा फोन टिंगकन वाजला. त्यांना ते ऐकू आलं नाही, पण पडदा उजळलेला दिसला. चष्मा पुसून त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मग फोन जवळ धरून लिहायला सुरुवात केली. एक बोट, अर्धं मराठी, अर्धं कन्नड. माझ्या फोनवर त्यांच्या नावाखाली दिसत होतं, "लिहीत आहे..." ते थांबायचं, पुन्हा दिसायचं. मधेच त्यांनी काहीतरी पुसलं आणि आणखी मागे जाऊन पुन्हा सुरू केलं असावं, कारण त्या स्वतःशीच हसल्या. मला चार वाजता पुण्याची मीटिंग होती. मी फोनवरून कळवलं की येत नाही, कारण लिहिलं नाही, आणि पाय वर घेऊन, भिंतीला टेकून बसलो. त्या लिहीत होत्या.